साळूबाईची गोजरा

पांघरुणं घ्या बघू. ईशान, पाय आत. ओवी, तू भिंतीकडं तोंड करून झोपलीस तरी चालेल, कान तेवढे इकडं असू देत. दिवा बारीक केलाय मी. राजा नाही हं आज. आज देवी.

तर एक होती देवी. धारजाई तिचं नाव. उंच डोंगरावर, पाण्याच्या धारेशेजारी तिचं देऊळ. डोक्यावर सोन्याचा मुकुट, नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ, अंगावर जरीचा शालू. थाट विचारू नका. पण धारजाईचं माहेर कुठं, ठाऊक आहे? डोंगराच्या पायथ्याला एक खोपट होतं. शेणानं सारवलेलं, गवतानं शाकारलेलं. लहानपणी ती म्हणे तिथं एका गरीब म्हातारीच्या मांडीवर वाढली. मग मोठी झाली, देवी झाली, डोंगरावर गेली. पण माहेर विसरली नाही. दर वर्षी नवरात्रात अष्टमीला तिची पालखी खाली यायची, माहेरी जायला. तीच तिची जत्रा, बरं का.

आणि या जत्रेची रीत न्यारी होती. पायथ्याला एक मोठा दगड होता. उतरवणीचा दगड म्हणायचे त्याला. पालखी तिथं टेकायची आणि गुरव देवीचा मुकुट उतरवायचा, नथ काढायचा, शालू सोडून साधं सुती लुगडं नेसवायचा. का? अरे, आईच्या घरी जायचं तर मुकुट कशाला? तिथं लेक म्हणूनच जायचं.

मग तिथं बायका बसायच्या ओळीनं. आधी आईनं आपल्या लेकीची ओटी भरायची, माहेरच्या तांदळानं. मग त्या तांदळातली ओंजळ लेकीनं देवीच्या ओटीत घालायची. सासरचा दाणा चालायचा नाही. आई सवाष्ण असो, विधवा असो, या जत्रेत विचारायचं नाही. आई ती आई. ज्यांना आई नसे त्यांची ओटी कुणीही म्हातारी भरायची. सगळ्या लेकींची ओटी झाली की पालखी उचलायची, खोपटात न्यायची. देवीनं माहेरची आंबील-भाकरी खाल्ली की मगच जत्रेतल्या सगळ्यांचा उपास सुटायचा. समजलं? बरं.

आता त्या डोंगरापासून लांब एका गावात देशमुखांचं मोठं घर होतं. त्या घरात तीन सुना. थोरली सावकाराची लेक, मधली इनामदाराची. आणि धाकटी? धाकटी गोजरा. ती कुणाची, ते कुणाला नीटसं ठाऊकच नव्हतं.

त्याचं असं झालं. गोजरा दिसायला देखणी. देशमुखांनी तिला तिच्या मामाच्या घरी पाहिली आणि म्हणाले, मुलगी आणि नारळ द्या, दुसरं काही नको. मामानं आपल्या दारात मांडव घातला. गोजराची आई साळूबाई. ती विधवा. तेव्हाची रीत वाईट होती बाळांनो, विधवेनं मांडवात पुढं यायचं नाही. मग साळूबाई मागच्या खोलीत बसून लाडू वळत राहिली. लेकीच्याच लग्नाचे लाडू. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, वरात गेली. सासरच्या एकाही माणसानं तिचं तोंड पाहिलं नाही.

सासरी जावा बसल्या की माहेरच्या गोष्टी निघायच्या. एकदा थोरलीनं विचारलं, "तुझ्या आईकडं गुरं किती गं?" गोजरा म्हणाली, "गोठा भरलेला आहे." होती एक शेळी, तीही लंगडी. मग मधलीनं विचारलं, "तांदूळ कुठला खाता?" गोजरा म्हणाली, "आंबेमोहोर. कणगी भरून असतो." अगं, साळूबाई लोकांच्या खाचरात लावणी करायची आणि मजुरीला मिळालेला जाडाभरडा लाल तांदूळ शिजवायची. मग थोरलीनं विचारलं, "आईच्या नाकात काय?" गोजरा म्हणाली, "नथ. सात मोत्यांची." विधवेच्या नाकात नथ कुठली, पण सासरी तेही ठाऊक नव्हतं. साळूबाईच्या नाकात भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी असायची.

एक खोटं कधी एकटं नांदत नाही. त्याला सोबतीला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. गोजरा वाईट नव्हती हो. पण तिला लाज वाटायची. आईची लाज वाटायची, आणि लाज वाटते याची आणखी लाज वाटायची. मग ती दोन्ही लाजा गिळून भांडी घासत राहायची.

मग नवरात्र आलं. सासूबाई म्हणाल्या, "यंदा धारजाईच्या जत्रेला जाऊ. धाकटीची पहिली ओटी आहे. वाटेत तुझ्या माहेरी थांबू, तुझ्या आईला गाडीत घेऊ."

 गोजरा घाईघाईनं म्हणाली, "आईची तब्येत बरी नसते. तिला दगदग सोसायची नाही. तांदूळ तिनं मामाच्या हाती पाठवलेत." आणि मग तिनं काय केलं? सगळे मागच्या अंगणात असताना सासरच्या कणगीतून आंबेमोहोर काढला आणि रेशमी रुमालात बांधला. झालं माहेरचं बोचकं तयार!

निघाल्या गाड्या. बैलांच्या गळ्यात घुंगरं, शिंगांना गोंडे. जावा गाणी म्हणत होत्या. रस्त्यानं माणसंच माणसं, कुणी डोक्यावर परडी घेतलेली, कुणी कडेवर पोर. जो तो म्हणत होता, "धारजाईचा उदो!" गोजराही म्हणत होती, पण तिचं लक्ष सगळं वाटेवर. कारण ही वाट तिच्या पायाखालची होती. लहानपणी आईचं बोट धरून ती दर वर्षी इथूनच चालत जत्रेला जायची.

आधी लागला माळ. माळावर चिमण्यांचे थवे. साळूबाई इथं बोचक्यातले चार दाणे चिमण्यांना टाकायची. पुढं लागला ओढा. तिथं ती चार दाणे माशांना टाकायची. मग लागला उंबर, देवीच्या दगडापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या बुंध्याशी मुंग्यांना चार दाणे. म्हणायची, "ही मुकी लेकरं. ह्यांची वटी कोन भरनार?" गोजराला सगळं आठवलं. ती गाडीत डोक्यावर पदर ओढून बसली आणि मनात म्हणाली, देवी, एवढं कर, आई यंदा येऊ देऊ नकोस.

बघा, देवीच्या जत्रेला निघालेली लेक देवीकडं काय मागते!

आणि आई तर, लेकीची पहिली ओटी यंदाच असणार म्हणून, पहाटेपासून येऊन बसली होती. दगडाजवळच्या वडाखाली. येईल त्या गाडीवानाला विचारायची, "देशमुखांची गाडी ही का वं?" लग्न झाल्यापासून तिनं लेकीला पाहिलं नव्हतं. लुगड्याला चार ठिगळं, पायांना भेगा, मांडीवर फडक्यात बांधलेला लाल तांदूळ. निवडून निवडून एकही खडा ठेवला नव्हता त्यात.

देशमुखांच्या सुना गाडीतून उतरल्या. नव्या पैठण्या सावरत कासाराच्या दुकानाशी आल्या, बांगड्या बघायला. तेवढ्यात मागून हाक आली, "गोजरे! बाय माजी! आलीस व्हय गं?"

गोजरानं वळून पाहिलं. साळूबाई दोन्ही हात पसरून येत होती. थोरलीनं नाक मुरडलं आणि विचारलं, "कोण गं ही?"

आणि गोजरा म्हणाली... ऐकताय ना? गोजरा म्हणाली, "ही होय? आमच्या माहेरची मोलकरीण आहे."

साळूबाईचे हात तसेच राहिले. मग तिनं ते हळूच खाली घेतले. पदर डोक्यावर पुढं ओढला. लेकीकडं पाहिलं, जावांकडं पाहिलं, आणि तिला कळलं सगळं. ती म्हणाली, "व्हय जी. मोलकरीनच मी. धाकल्या बाईसाबांच्या आईसाब बऱ्या हायती, येवढा निरोप सांगाय आले."

मधलीला जरा दया आली. तिनं डब्यातून एक गोड पुरी काढून दिली. "घे बाई, लांबून आलीस. उपास सुटला की खा." साळूबाईनं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, पदरात बांधली. म्हणाली, "सुखी ऱ्हावा." आणि वळून गर्दीत गेली.

गोजराचे कान तापले. एक हाक मारायची होती, एकच. पण ती कासाराला म्हणाली, "हिरव्या दाखव." हातात बांगड्या चढत होत्या आणि तिला एकही दिसत नव्हती.

ओवी, तोंडावर पांघरूण का घेतलंस? उकडेल ना. असू दे, असू दे.

मग वाजली संबळ. पालखी उतरली डोंगरावरून. दगडावर टेकली. गुरवानं मुकुट काढला, नथ काढली, लुगडं नेसवलं. एकेक लेक पुढं येऊ लागली, ओंजळ घालू लागली. थोरलीची झाली. मधलीची झाली. मग आली गोजरा, सगळ्यांच्या शेवटी. सासूबाई म्हणाल्या, "हिची आई आजारी आहे, तांदूळ तिनंच पाठवलेत. ओटी मी भरते." त्यांनी रेशमी रुमालातले तांदूळ गोजराच्या पदरात घातले. गोजरानं ओंजळ भरली आणि देवीच्या ओटीत सोडली.

तांदूळ घसरले आणि खाली मातीत पडले. लोक म्हणाले, वारा असेल.

गोजरानं दुसरी ओंजळ घातली. तीही सरसर घसरून खाली. आता वारा अजिबात नव्हता. बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

तिसरी ओंजळ घालायला गोजरानं पदरात हात घातला, तर हाताला तांदूळ लागेना. पाहते तर काय? पदरात नुसता कोंडा! सासूबाईंनी भरलेली ओटी, पांढरा शुभ्र आंबेमोहोर, आणि त्याचा झाला कोंडा. गोजरानं पटकन पदर मिटला.

गुरव म्हणाला, "उचला पालखी, उशीर झाला." भोई पुढं आले. पालखी हलेना. गावातले तरणे गडी लागले, खांद्याची सालटी निघाली, पालखी तसूभर हलेना. ऊन कलायला लागलं. पोरं रडायला लागली. देवी जेवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, पाणीसुद्धा बेतानं. एक गरोदर बाई तर भोवळ येऊन खालीच बसली. गुरवानं हात जोडले आणि म्हणाला, "कुणाची तरी ओटी आईला लागली नाही. कुणाची ते आपण बोलायचं नाही. ज्याचं त्याला ठाऊक असतं."

ज्याचं त्याला ठाऊक असतं! गोजराला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी आत जावं. पण धरणी काही अशी सोयीनं दुभंगत नाही. एवढी माणसं तिच्यापायी उपाशी बसली होती. सांगून टाकावं, असं ओठांवर येत होतं. थोरलीकडं नजर गेली की ते परत घशात जात होतं. शेवटी ती सासूबाईंना म्हणाली, "पाणी पिऊन येते." आणि गर्दीच्या मागून निघाली, ती पळतच सुटली आईच्या वाटेला.

पळता पळता आला उंबर. खाली मुंग्यांची रांग लागली होती आणि रांगेत लाल तांदळाचे दाणे होते. चार नव्हे, ओंजळभर. गोजरा म्हणाली, "उंबरा उंबरा, इथून एक बाई गेली का?"

उंबर म्हणाला, "गेली की. इथं टेकली होती. म्हणाली, माझी लेक भेटली, तिनं मला कडकडून मिठी मारली. तिची ओटी भरायची राहिली, म्हणून तिच्या नावानं मुंग्यांची भरते. ती तुझी कोण गं?"

मिठी! गोजराला ते ऐकवेना. ती खाली मान घालून म्हणाली, "ओळखीची आहे." आणि पुढं पळाली. पळाली, पळाली, आणि बघते तर पुन्हा तोच उंबर! वाट फिरून तिथंच आली होती. उंबरानं पुन्हा विचारलं, "ती तुझी कोण?" गोजरा म्हणाली, "माझ्या गावची आहे." पुन्हा पळाली, आणि पुन्हा उंबर. मग तिला रडू फुटलं. ती बुंध्याला धरून म्हणाली, "आई आहे. माझी आई आहे." अगदी हळू म्हणाली, मुंग्यांना ऐकू येईल एवढंच. पण म्हणाली. आणि वाट सरळ झाली.

मग आला ओढा. सकाळी गाडीची चाकंही नीट भिजली नव्हती एवढंसं पाणी. आता दोन्ही काठ भरून वाहत होतं. काठावर दोन बायका धुणं धूत होत्या. गोजरा म्हणाली, "ओढ्या ओढ्या, माझी आई गेली का इथून?"

ओढा म्हणाला, "गेली. पाय धुतले, भेगांतून रक्त येत होतं. म्हणाली, लेकीनं मला शेजारी बसवून पुरी खायला घातली. माझ्या माशांना ओंजळभर तांदूळ घातले तिनं. पण मला नीट ऐकू आलं नाही बघ, तू काय म्हणालीस? कोण तुझी?"

धुणं धुणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. गोजराच्या अंगावर पैठणी, हातात नव्या बांगड्या. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "ठिगळाचं लुगडं नेसलेली, अनवाणी, ती माझी आई." एक बाई दुसरीला काहीतरी कुजबुजली. गोजराच्या मानेपर्यंत लाज चढली. पण ओढ्याचं पाणी उतरलं, घोट्याएवढं झालं.

मग आला माळ. चिमण्या झाडाझुडपांवर गप्प बसल्या होत्या. गोजरानं काही विचारायच्या आतच एक म्हातारी चिमणी म्हणाली, "तुझी आई म्हणाली, लेक मला म्हणत होती, आये, माझ्या घरी चल, माझ्याजवळ राहा. पण मीच नाही म्हणाले, माझी शेळी एकटी पडते. असं म्हणाली आणि होते नव्हते ते सगळे तांदूळ आम्हाला घालून गेली. खरं का गं हे?"

गोजरा मटकन खाली बसली. ती आईला मोलकरीण म्हणाली, आणि आई वाटेवरच्या झाडापाखरांनासुद्धा लेकीची कागाळी सांगायला तयार नव्हती! उलट लेकीनं जे करायला हवं होतं, ते ते तिनं केलं म्हणून सांगत गेली. चपराक मारली असती तर बरं झालं असतं. गोजरा मोठ्यानं ओरडली, "खोटं आहे ते! मी तिला मिठी मारली नाही. मी तिला पुरी दिली नाही. मी तिला घरी चल म्हणाले नाही. ती माझी आई आहे आणि मी तिला मोलकरीण म्हणाले!"

सगळा माळ दणाणला. आणि पलीकडच्या बांधाआडून आवाज आला, "कोन गं ते? कोन आरडतंय?"

बांधावर साळूबाई बसली होती. पायात काटा मोडला होता, तो काढत होती. गोजरा धावली आणि तिच्या पायांवर पडली.  साळूबाईनं तिचा चेहरा वर केला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "काय गं हे बाय? तोंड किती सुकलंय! सकाळधरनं खाल्लं न्हाईस ना?" आणि पदराची गाठ सोडून तीच पुरी पुढं केली. "तुज्यासाठीच ठेवली व्हती बग. उपास सुटला की खा."

बाळांनो, मार खाल्लेला बरा असतो हो. अशी पुरी हातात घेणं फार अवघड.

गोजरा म्हणाली, "आये, तू रागाव ना. मला चार शब्द बोल."

साळूबाई म्हणाली, "रागावले की. ह्या बांदापत्तर रागावूनच आले. मंग काटा मोडला आन् इसरले." आणि दोघी हसल्या आणि रडल्या.

मग गोजरानं आईच्या पायातला काटा काढला. म्हणाली, "चल आये, माझी ओटी भर." साळूबाई म्हणाली, "आता कशानं भरू? बोचकं तर रिकामं झालं." फडकं झटकून दाखवलं, एक दाणा नाही.

तेवढ्यात भुर्रकन आवाज झाला. चिमण्या उतरल्या. एकेकीच्या चोचीत एकेक लाल दाणा. गोजराच्या पदरात टाकला आणि गेल्या. म्हातारी चिमणी म्हणाली, "घालणारीचा हात थरथरत होता गं, आम्हाला खाववेना." पुढं मायलेकी ओढ्याशी आल्या तर मासे काठाला लागलेले. तोंडातले दाणे त्यांनी वाळूत ठेवले. उंबराशी आल्या तर मुंग्यांची रांग वारुळातून बाहेर येत होती, उलटी. दाण्यावर दाणा रचून ठेवत होती. पदर भरला. एक दाणा कमी नाही.

मग समोर दिसली जत्रा, आणि गोजराचे पाय थांबले. मुंग्यांना सांगितलं, दोन बायकांना सांगितलं, माळाला सांगितलं. पण तिथं थोरली जाऊ होती, मधली होती, सासूबाई होत्या, सगळी जत्रा होती.  साळूबाई म्हणाली, "बाय, मी हितंच उंबराखाली थांबते. तू तांदूळ घिऊन जा. कोन इचारनार हाय?"

गोजरानं आईकडं पाहिलं. मग तिचा हात घट्ट धरला आणि थेट पालखीपुढं जाऊन उभी राहिली. थोरली म्हणाली, "अगं बाई, ही मोलकरीण पुन्हा कशाला आणलीस?"

गोजराचा चेहरा लाल झाला होता. तरी तिनं आईचा हात सोडला नाही. ती म्हणाली, "ही माझी आई आहे. साळूबाई. हिच्याकडं गोठा नाही, आंबेमोहोर नाही, नथ नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले. सकाळी इथंच हिला मोलकरीण म्हणाले. तुम्ही सगळी माझ्यापायी उपाशी आहात. मी साळूबाईची गोजरा."

 संबळवाल्याची काठी हवेतच राहिली. मग सासूबाई उठल्या. गोजराला वाटलं, आता संपलं. सासूबाई सरळ साळूबाईंपुढं आल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "विहीणबाई, चूक एकटीची नाही. मी घरात सून आणली आणि तिची आई कोण, हे बघायलासुद्धा कधी गेले नाही. बसा. लेकीची ओटी भरा." थोरलीनं मान खाली घातली. मधलीनं पाट आणून ठेवला.

साळूबाईनं ओटी भरली.  गोजरानं लाल तांदळाची ओंजळ देवीच्या ओटीत घातली. एक दाणा खाली पडला नाही. भोयांनी खांदा लावला आणि पालखी फुलासारखी उचलली गेली. "धारजाईचा उदो!"

खोपटात पालखी टेकली. आंबील आणली, भाकरी आणली. गुरव देवीची चांदीची पावलं धुवायला बसला आणि त्याचा हात थबकला. पावलांना वाटेची लाल माती लागलेली. चांदीच्या टाचेला बारीक भेगा. आणि एका टाचेत काटा, बाभळीचा!

तेव्हा कळलं सगळ्यांना. गोजराची ओटी घसरली तेव्हापासून पालखीत देवी नव्हतीच. ती गेली होती साळूबाईच्या मागोमाग चालत, उंबरापासून माळापर्यंत. आणि देवीच उठून गेली, तर मागं राहिलं काय? नुसतं लाकूड. लाकूड जड होणारच.

गोजरानं तो काटा आपल्या हातानं काढला. देवी जेवली, मग सगळ्यांचे उपास सुटले. गोजरानं आणि साळूबाईनं ती एक पुरी अर्धी अर्धी खाल्ली.

लाज गेली का गोजराची? नाही गेली. अशी लाज जात नाही. पुढं कितीतरी वर्षं हिरव्या बांगड्या पाहिल्या की तिचे कान तापायचे. पण ती म्हणायची, तापू देत. साळूबाई लेकीकडं राहायला आली, लंगडी शेळीही आली. आणि तेव्हापासून धारजाईच्या जत्रेत रीत पडली. ओटी भरायच्या आधी प्रत्येक लेक आईचं नाव घेऊन मोठ्यानं सांगते, मी अमकीची तमकी. मग सगळी सुखानं नांदली, चिमण्या, मासे आणि मुंग्यासुद्धा.

झाली गोष्ट. ईशान झोपला वाटतं. ओवी, तू जागी आहेस. आज दुपारी तुझी आई डबा द्यायला शाळेत आली होती ना, गिरणीतून तशीच, पिठानं माखलेली? संध्याकाळी मला सांगत होती. म्हणाली, ओवीनं सगळ्या मैत्रिणींना हाक मारून सांगितलं, ही माझी आई. मी आपलं ऐकून घेतलं.

कुठं निघालीस गं? स्वयंपाकघरात? जा हो, जा. ती अजून जागीच आहे, भांडी आवरतेय. आणि आलीस की दार लोटून घे. मी जागा ठेवते तुला, झोप मग गाढ.